'निर्जन' किनाऱ्याची हाव

अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एका नव्या तीर्थाची आस लागलेली दिसते. हे तीर्थ म्हणजे कोठेतरी उत्तरेस, रहदारीच्या वाटेपासून दूर असलेल्या एखाद्या बेटावरील शांत, रमणीय आणि निर्जन असा समुद्रकिनारा. यांपैकी शेवटचे विशेषण तर कधीच गळत नाही. ज्यांस परवडते ते त्यासाठी स्कॉटलंडच्या वायव्येकडील हेब्रिडीज बेटांपर्यंत मजल मारतात. ज्यांस परवडत नाही ते तेथील चित्रे पाहून निःश्वास टाकतात. या दोहोंच्या मधले जे बहुसंख्य, ते कांदिवली-बोरिवलीची मंडळी, रविवारी सकाळी डबे बांधून बोरिवलीच्या धक्क्यावरून अथवा मार्व्याहून होडीत बसतात आणि गोराई-मनोरीच्या वाळूवर उतरतात. परत आल्यावर त्या स्थळाचे जे वर्णन होते, त्यात 'मुंबईच्या इतके जवळ असूनही अस्पर्श', 'चिटपाखरू नसलेला किनारा', 'निर्जन स्वर्ग' असे शब्द हटकून येतात.

आमचे भांडण सहलीशी नाही. सहा दिवस लोकलच्या डब्यात अंग चेंगरून घेणाऱ्या माणसाने सातव्या दिवशी समुद्राकडे तोंड करून बसावे, यात गैर ते काय? आमचे भांडण त्या विशेषणाशी आहे. शब्दाशी भांडण्यात काय हशील, असे कोणी म्हणेल, तर त्यास आमचे उत्तर इतकेच की, वाङ्मयीन नियतकालिकाने शब्दाशी भांडावयाचे नाही तर कोणाशी? शिवाय हे विशेषण केवळ चुकीचे असते तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. ते अपायकारक आहे. त्याच्यामागून मोजणीदार येतात, मोजणीदारामागून आराखडा येतो, आणि आराखड्यामागून कुंपण येते. हे कसे घडते तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम हे बेट कोणते ते स्पष्ट केले पाहिजे. साष्टीच्या वायव्य टोकास, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस गोराई-मनोरीची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामध्ये जो लांबट भूभाग आहे, त्याचे जुने नाव धारावी बेट. मुंबईतील प्रसिद्ध धारावीशी त्याचे नाव जुळते, एवढाच दोहोंचा संबंध. मनोरी, कुळवेम, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही त्यावरील गावे. कांदिवलीच्या पश्चिमेकडील चारकोपच्या उंच इमारतींच्या गच्चीवर उभे राहिले, तर तिवरांच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे हा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. आज त्याचे दोन तुकडे आहेत. मनोरी व गोराई बृहन्मुंबई महापालिकेकडे आहेत, उत्तनकडील गावे मिरा-भाईंदर महापालिकेकडे. जिल्हेही दोन. एका बेटाचे दोन धनी असले म्हणजे कर्तव्याच्या वेळी दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात, आणि जमिनीच्या वेळी दोघेही हात पुढे करतात, हा व्यवहारातला सामान्य अनुभव आहे.

हे बेट इतिहासालाही अनोळखी नाही. वसईच्या मोहिमेत खाडीचे तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती वसई, हे ओळखून चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ साली धारावीचा किल्ला घेतला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या अमलात ख्रिस्ती झालेली माणसे येथेच राहिली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास या समाजाने 'ईस्ट इंडियन' असे इंग्रजी नाव घेतले, परंतु त्यांच्या घरातली बोली मराठीचीच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याची त्यांची चाल आपल्या देवकाच्या विधींची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. त्यांच्या शेजारी कोळी आहेत, भातशेती व भाजीपाला करणारे शेतकरी आहेत, डोंगराच्या कुशीत आदिवासींचे पाडे आहेत. शेकडो वर्षे ही माणसे त्या वाळूवर आणि त्या वाळूमागे राहत आली आहेत.

आता सुज्ञ वाचकांनीच सांगावे, हा किनारा निर्जन कसा? ज्या पहाटे आमचे सहलकरी बिछान्यात असतात त्या पहाटे उत्तनच्या बंदरात होड्या लागतात, मासळीचे वाटे पडतात, आणि बायकांच्या टोपल्या भरतात. पावसाळा सरला की बांबूंच्या वलांड्यांवर बोंबलांच्या माळा सुकू लागतात, आणि तो वास नाकात जाताच 'स्वर्गा'चे वर्णन करणारी मंडळी नाकाला रुमाल लावून वाट बदलतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. किनारा तेव्हा थोडा स्वस्थ दिसतो, पण ती स्वस्थता पेरणीपूर्वीच्या शेताची असते. त्यास ओसाड म्हणणारा मनुष्य शेतकी जाणत नाही, एवढेच सिद्ध होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण सारा वाद तिच्यावर उभा आहे. वाळूचा पट्टा मोकळा राहिला तो कोणी तेथे नव्हते म्हणून नव्हे. होडी ओढावयास मोकळी वाळू लागते, मासळी सुकवावयास मोकळी वाळू लागते, जाळे पसरावयास मोकळी वाळू लागते. ज्यांचा चरितार्थ त्या मोकळेपणावर अवलंबून होता त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्यावर घर बांधले नाही, दुसऱ्यास बांधू दिले नाही. किनारा मोकळा आहे, कारण तो रिकामा नाही. आपणांस जी शांतता निसर्गाची देणगी वाटते ती बऱ्याच अंशी माणसांच्या शिस्तीची कमाई आहे, आणि कमाई म्हटली की तिचा कोणी मालक असतो. 'निर्जन' हा शब्द त्या मालकास एका फटकाऱ्यासरशी बेदखल करतो.

या बेदखलीत वाङ्मयाचा वाटा लहान नाही. आमच्या प्रवासवर्णनांत समुद्र असतो, सूर्यास्त असतो, माडांच्या झावळ्या असतात, लेखकाचे व्याकुळ अंतःकरण तर असतेच असते. नसतो तो फक्त त्या गावचा मनुष्य. आलाच तर तो वाट दाखविण्यापुरता किंवा मासळीचे जेवण वाढण्यापुरता येतो, आणि त्याचा साधेपणा वाखाणून त्याला लगेच रजा दिली जाते. त्याच्या विहिरीला पाणी आहे काय, त्याच्या मुलीला शाळेसाठी कोणती खाडी ओलांडावी लागते, त्याच्या वाळूवर कोणाचा डोळा आहे, हे विचारण्याने वर्णनाचा रसभंग होतो, अशी आमच्या लेखकांची समजूत दिसते. रसभंगाची इतकी धास्ती बाळगणारे वाङ्मय प्रौढ म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता शब्दापासून आराखड्यापर्यंतचा प्रवास पाहू. १९८९ साली या बेटावर एक विस्तीर्ण करमणूकनगरी उभी राहिली. १९९८ साली तिच्याशेजारी कृत्रिम लाटा उसळणारे जलक्रीडास्थान आले. त्याच बेटावरील आदिवासी पाड्यांस नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, हे या दोन वाक्यांच्या शेजारी ठेवले की भाष्याची गरज उरत नाही. जिच्यासाठी एवढी जमीन गेली ती करमणूकनगरी २०२२ साली बंद पडली. पाळणे थांबले, जमीन मात्र गावाकडे परतली नाही. २००६ च्या सुमारास साऱ्या टापूवर विशेष आर्थिक क्षेत्र लादण्याची योजना निघाली. ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, तेव्हा ती मागे पडली. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाच टापू 'करमणूक व पर्यटन क्षेत्र' म्हणून आखावयास घेतला. या सर्व योजनांचे तपशील निरनिराळे आहेत. गृहीतकृत्य एकच आहे, ते असे की, तेथे काही नाही, म्हणून आपण काही आणू या.

आणि या गृहीतकृत्याची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. मिरा-भाईंदर शहराचा कचरा कोठे टाकावयाचा, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर निघाले : उत्तनच्या डोंगरावर. बोरिवलीचा उकिरडाही अनेक वर्षे गोराईच्या खाडीकाठीच होता. तो २००७ साली बंद करून वर मातीचे आच्छादन घालावे लागले. एकाच मुलखाबद्दल एकाने म्हणावे 'येथे विश्रांतिगृह बांधा', दुसऱ्याने म्हणावे 'येथे कचरा टाका', हे वरवर विसंगत दिसते. वस्तुतः दोघेही एकाच शब्दाचे उपासक आहेत. जागा रिकामी आहे असे एकदा ठरले की, तिच्यात झुंबर टांगावयाचे की घाण ओतावयाची हा केवळ सोयीचा प्रश्न उरतो. जो सहलकरी किनाऱ्यास 'निर्जन स्वर्ग' म्हणतो त्याने आपल्या शब्दाचे हे दुसरे अपत्यही ओळखून असावे.

'निर्जन' किनारा शोधणारे लोक त्या किनाऱ्याचे काय करतात, याचा दाखला आपल्या घराशेजारीच आहे. १९२४ साली महात्मा गांधींची तुरुंगातून सुटका झाल्यावर, शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी त्यांना जुहूस नेण्यात आले. १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा आपले छोटे विमान घेऊन जुहूच्याच भूमीवर उतरले. रोग्याने विसावा घ्यावा आणि वैमानिकाने निर्वेधपणे उतरावे, इतकी शांती व इतका मोकळेपणा त्या वेळी तेथे होता. त्याच जुहूवर आज विसावा घेण्याचा सल्ला कोणता वैद्य देईल? पुढची पायरी आक्साची. भरती-ओहोटीच्या ओढीमुळे तेथील पाणी जीवघेणे आहे हे सर्वश्रुत असताना, २०२२-२३ च्या सुमारास त्या पुळणीवर फिरावयाच्या वाटेसाठी म्हणून भिंत उभारण्यात आली, आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे गेले. वाळूवर भिंत घालणे म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यावे. उतरत्या पुळणीवर लाट पसरते, दमते आणि आपल्याबरोबर आणलेली वाळू ठेवून जाते. भिंतीवर आपटलेली लाट मात्र दमत नाही. ती उलट फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू ओरबाडून नेते. समुद्र पाहण्यासाठी बांधलेली भिंत अशा रीतीने किनाराच खाऊन टाकते.

परदेशची उदाहरणे हवी असतील तर तीही आहेत. थायलंडमधील माया बे या लहानशा उपसागराचे चित्रीकरण करून २००० साली एक बोलपट निघाला. त्याचा विषयच मुळी अस्पर्श किनाऱ्याचा शोध हा होता. तो पाहून जगभरची माणसे तो अस्पर्श किनारा स्पर्शावयास धावली, आणि २०१८ साली प्रवाळ मेले म्हणून सरकारला तो बंद करावा लागला. तो पुन्हा उघडला २०२२ च्या जानेवारीत. त्याच २०१८ साली फिलिपिन्समधील बोराकाय बेट सांडपाण्याने इतके नासले की, सहा महिने तेथे प्रवाशांस बंदी झाली. जे लोक शांतता शोधीत आले त्यांनी तिला हुडकून ठार केले, असाच या दोन्ही कथांचा मथितार्थ आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. कारण ते पोकळ नाही. पहिला आक्षेप असा : 'तुम्ही खाडीअलीकडे गच्चीवर बसून शांततेचे पोवाडे गाता, पलीकडच्या गावात रात्री कोणास छातीत कळ आली तर त्याने होडीची वाट पाहावी काय? भाईंदरवरून वळसा घालून येईपर्यंत प्राण राहतील काय? पूल झालाच पाहिजे.' हा आक्षेप करणाऱ्याच्या पाठीशी इतिहासही आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडी ओलांडताना माणसे बुडत असत. सरकार खर्चास तयार होईना. तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी सुमारे दीड लाखावर रुपये स्वतः दिले, आणि प्रवाशांकडून जकात घेता कामा नये अशी अट घातली. तो माहीमचा सेतू १८४५ साली खुला झाला. त्या सेतूस नावे ठेवणारा मनुष्य निर्दयच म्हटला पाहिजे.

परंतु या उदाहरणातील मर्म कोठे आहे? अवाबाईंचा सेतू ज्यांना खाडी ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते त्यांच्यासाठी होता. आज गोराईच्या नावाने पुलाच्या ज्या योजना वेळोवेळी निघतात, त्यांत छातीत कळ आलेल्या मनुष्याचे नाव पुढे केले जाते आणि त्याच्या पाठीमागून विश्रांतिगृहांची रांग चालत येते. ज्यांस रोग्याची एवढी कळकळ आहे त्यांस आमचा एक साधा प्रश्न आहे : पूल होईल तेव्हा होवो, तोपर्यंत बेटावर रात्रंदिवस डॉक्टर असलेले सुसज्ज रुग्णालय उभे करण्यास कोणती खाडी आडवी आली आहे? रोग्यासाठी राखीव यांत्रिक होडी ठेवण्यास, ओहोटीतही होडी लागेल असा धक्का बांधण्यास, पाड्यांस पुरेसे पाणी देण्यास कोणत्या पुलाची वाट पाहावी लागते? ही कामे पुलाच्या मानाने अत्यल्प खर्चाची आहेत. तरी ती मागे राहतात आणि पुलाचे तेवढे बोलणे होते. यावरून बोलणाऱ्याचे लक्ष रोग्याकडे आहे की जमिनीकडे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आरंभी ज्या स्कॉटलंडचा उल्लेख आला तेथेही हाच वाद झाला होता. स्काय बेटावर १९९५ साली पूल झाला. त्यावर भारी टोल बसविला गेला. बेटावरच्याच रहिवाशांनी तो देण्याचे नाकारून खटले अंगावर घेतले, आणि २००४ च्या डिसेंबरात तो रद्द करविला. पूल झाला, टोल गेला. पुढे उन्हाळ्यातील प्रवाशांच्या गर्दीचा बोभाटा मात्र जगभर झाला. पूल हा स्वतः पुण्यही नव्हे, पापही नव्हे. तो कोणाच्या मागणीने, कोणाच्या अटींवर आणि पलीकडच्या जमिनीचा कोणता बंदोबस्त केल्यावर बांधला जातो, यावर सारे अवलंबून आहे. बेटकऱ्यांनी स्वतः पूल मागितला तर त्यांस 'तुमची शांतता मोडेल' असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, कांदिवलीकरांस नाही, कोणासच नाही. पण त्यांच्या तोंडून आपली मागणी वदवून घेण्याचाही अधिकार कोणास नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. 'किनारा तेथील लोकांचा म्हटला, तर दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात त्यांनी समुद्र पाहूच नये काय? तुमचा हा उपदेश अखेर श्रीमंतांच्या पथ्यावर पडावयाचा.' आम्ही म्हणतो, समुद्र सर्वांनी पाहावा. सर्वांत आधी त्या दहा बाय दहाच्या खोलीतल्यांनी पाहावा. परंतु त्यास अडविणारा कोण आहे? होडीचे भाडे त्यास अडवीत नाही. त्यास अडविते ते विश्रांतिगृहाचे कुंपण, वाळूपर्यंत आलेली खाजगी भिंत, आणि दारावरचा रखवालदार. सार्वजनिक वाळू आणि कोळ्यांची वाळू यांच्यात वैर नाही. दोघींचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे 'निवांत किनारा' विकत देणारा. शांतता ही विकाऊ वस्तू झाली की, ती सर्वप्रथम गरिबांच्या हातची जाते.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने प्रत्येकास बहुतेक सर्व भूमीवर व किनाऱ्यावर मोकळेपणाने हिंडण्याचा हक्क दिला, आणि त्याच श्वासात असे बजावले की हा हक्क जबाबदारीने वागणाऱ्यासच आहे. तेथील शेतकऱ्याचे कुंपण उघडे टाकून, घाण करून, कोणाच्या चरितार्थास बाधा आणून हिंडणाऱ्यास तो नाही. हक्क आणि जबाबदारी यांची ही जोडगोळी आम्हांस फार मोलाची वाटते. आमच्याकडे मात्र दोन्ही बाजूंनी उणे आहे. हक्काचे रक्षण करणारा कायदा दिवसेंदिवस सैल होत आहे. १९९१ साली प्रथम किनारा-नियमनाची अधिसूचना निघाली तेव्हा भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील दोनशे मीटरचा ना-विकास पट्टा पन्नास मीटरांवर आणला. आणि जबाबदारीची अवस्था सोमवारी सकाळी गोराईच्या वाळूवर पडलेल्या बाटल्या, काचा आणि थर्माकोलच्या ताटल्या सांगतातच. ते सारे वेचतो कोण? ज्यांस आपण 'नाहीत' असे लिहिले, तेच.

या प्रश्नात कांदिवलीकरांचा विशेष संबंध येतो तो केवळ शेजारामुळे नव्हे. दुसऱ्याच्या सुंदर देखाव्यासाठी आपली भूमी दिल्याचा इतिहास कांदिवलीलाच आहे. १९२० च्या दशकात, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या हौसेने बॅक बेचा समुद्र भरून काढण्याचे काम निघाले, तेव्हा त्यासाठी कांदिवलीच्या खाणीतून डोंगर फोडून दगड नेला गेला. समुद्रातील बांध गळका निघाला, आत ओतलेला गाळ पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला, पैशाची नासाडी झाली, १९२६ साली चौकशी समिती बसली. वीर नरीमन यांनी त्या कारभाराचे वाभाडे काढले म्हणून त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरण्यात आला, आणि ते निर्दोष सुटले. दक्षिणेकडील सागरशोभेपायी उत्तरेकडील उपनगराचा डोंगर गेला. त्या काळच्या कागदोपत्री कांदिवलीचा तो डोंगरही 'रिकामा'च होता, यात आम्हांस शंका वाटत नाही.

आज पाळी तिवरांची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली साऱ्या महाराष्ट्रात तिवरांच्या तोडीस मनाई केली, २०१८ साली ती कायम केली. केवळ सार्वजनिक हिताच्या कामासाठी, तेही न्यायालयाच्या परवानगीने, तोड करता येते. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी मार्गासाठी पंचेचाळीस हजारांहून अधिक तिवरे तोडण्याची परवानगी महापालिकेने मागितली आणि २०२५ साली ती तिला मिळाली. चारकोपच्या ज्या हिरव्या पट्ट्यापलीकडे ते बेट दिसते, त्या पट्ट्याची ही कथा. भरतीचे पाणी अडविणारा, मासळीची पिले वाढविणारा हा चिखल काही 'रिकामी दलदल' नव्हे, हे २००५ च्या जुलैमधील जलप्रलय ज्यांनी पाहिला त्यांस तरी सांगावे लागू नये. तरीही हे सारे आपल्या खिडकीसमोर चालले असताना आपल्या घरांत चर्चा होते ती अशी की, मार्ग झाल्यावर गोराईला किती मिनिटांत पोहोचता येईल!

याच बेटावर, त्या करमणूकनगरीला लागून, २००९ साली विपश्यनेचा भव्य पॅगोडा खुला झाला. आधाराच्या एकाही खांबावाचून उभारलेल्या त्या दगडी घुमटाखाली हजारो साधक मौन धरून बसू शकतात. शांततेसाठी माणसाने एवढा घुमट उभारावा ही थोर गोष्ट आहे. परंतु तेथे बसणाऱ्यास प्रथम जे शिकविले जाते ते हे की, शांतता बाहेर कोठे शोधून सापडत नाही, स्वतःस आवरल्याने ती येते. हाच नियम किनाऱ्याला लावून पाहावा. शांत किनारा नकाशात उत्तरेकडे सरकत सरकत शोधावयाचा नसतो. जुहू संपला की मार्वे, मार्वे संपले की मनोरी, मनोरी संपली की उत्तन, उत्तन संपले की खाडीपलीकडील वसई, अशी ही वाटचाल आहे, आणि ती आपल्या पावलांनी झाली आहे. उत्तर दिशा अनंत असली तरी किनारा अनंत नाही.

मग करावयाचे काय? बेटावर पाणी, डॉक्टर आणि चांगले धक्के प्रथम यावेत. त्यानंतरच पर्यटनाचा शब्द निघावा. बेटाचा कोणताही आराखडा गावांच्या भाषेत, गावांपुढे वाचून दाखवून, त्यांच्या लेखी संमतीने ठरावा; आणि तो दोन महापालिकांनी मिळून एकच करावा. वाळूवर भिंत घालू नये. बोंबलाच्या वलांडीला 'विद्रूप' म्हणून हटवू नये. सहलीस जाणाऱ्याने नेलेला कचरा परत आणावा. हे सांगण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, घरातील वडीलधाऱ्यांनी निघताना मुलांच्या हाती एक रिकामी पिशवी दिली म्हणजे पुरे. मासळी घ्यावयाची तर तेथील बाईकडून, तिने सांगितलेल्या भावाने घ्यावी. आणि आपल्या मुलांस त्या गावांची नावे, तेथील बोली, तेथील चालीरीती यांची ओळख करून द्यावी. ज्याचे नाव ठाऊक असते त्यास निर्जन म्हणवत नाही.

राहता राहिला तो शब्द. हे मासिक वाचणाऱ्या आणि त्यात लिहिणाऱ्या सर्वांस आमची आग्रहाची विनंती आहे की, कोणत्याही किनाऱ्याचे, डोंगराचे वा रानाचे वर्णन करताना 'निर्जन' हा शब्द लेखणीवर येताच क्षणभर थांबावे आणि विचारावे : येथे खरोखरच कोणी नाही, की जे आहेत ते आपण पाहिले नाहीत? पहिले खरे असेल तर शब्द खुशाल वापरावा. दुसरे खरे असेल, आणि बहुधा तेच खरे असते, तर तो शब्द खोडून त्या जागी त्या गावाचे नाव लिहावे. गोराई. मनोरी. उत्तन. एका विशेषणाऐवजी एक नाम लिहिल्याने भाषेची शोभा कमी होत नाही. आणि कागदावर ज्यांचे नाव आहे त्यांच्या अंगणात आराखडा घेऊन शिरताना, शिरणाऱ्याला निदान दार तरी ठोठावावे लागते.